वायर ओढून निघाली पाहिजे

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, बिबवेवाडी. पुण्याच्या या भागांतल्या कुठल्याही गल्लीतून चालत गेलं तरी चारी बाजूंनी पत्रे ठोकलेली एक तरी इमारत लागतेच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या तीन-चार मजली सोसायट्या पडतायत आणि त्यांच्या जागी दहा-बारा मजले उभे राहतायत. पुनर्विकासाच्या सभांत चर्चा कशाची होते हे पुणेकरांना सांगायला नको: वाढीव जागा किती टक्के, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग एक की दोन. भिंतीतल्या वीजव्यवस्थेच्या वाट्याला त्या सगळ्या कागदपत्रांत जेमतेम एक ओळ येते. ‘नामांकित कंपनीची कन्सील्ड कॉपर वायरिंग, मॉड्युलर स्विचेस.’ माझ्या मते या एका ओळीत पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा कचरा मंजूर झालेला असतो.

चक्राकार अर्थव्यवस्था हा शब्द आता परिषदांत आणि कंपन्यांच्या अहवालांत सर्रास ऐकू येतो. वस्तू बनवली, वापरली, फेकली असं न करता ती आधी दुरुस्त व्हावी, मग दुसरीकडे वापरली जावी, मग तिचे सुटे भाग कामी यावेत आणि यातलं काहीच जमलं नाही तर ती वितळवावी, असा तिचा क्रम. वितळवणं सगळ्यात शेवटी येतं. आपण तिथूनच सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. ‘हे आपल्याला कुणी शिकवायला नको, आपल्याकडे भंगारवाला आहेच,’ असं मी इंजिनिअरांकडून ऐकलंय, आर्किटेक्टांकडूनही ऐकलंय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

तांब्यापुरतं ते पूर्ण खरं. दीड चौरस मिलिमीटर वायरच्या 90 मीटरच्या बंडलात सुमारे 1.2 किलो तांबं असतं. अडीचच्या बंडलात दोन किलो, चारच्या बंडलात सव्वातीन किलोच्या आसपास. आपल्या फ्लॅटला कुठली किती बंडलं लागली हे ज्याला आठवतंय त्याने गुणाकार करून पाहावा आणि मग अख्ख्या सोसायटीचा करावा. इतकं तांबं कुणी राडारोड्यात सोडत नाही. पाडकामाचा ठेकेदार पुष्कळदा पाडायचे पैसे घेण्याऐवजी उलट बिल्डरलाच पैसे मोजतो, तो याच हिशेबावर: सळई, ग्रिल, सागवानी चौकटी, वायर. शिवाय तांबं कितीदाही वितळवून शुद्ध केलं तरी त्याचा गुण जात नाही. खनिजापासून तांबं काढण्याच्या तुलनेत भंगारापासून ते करताना 85 टक्क्यांपर्यंत ऊर्जा वाचते असं मानतात. तूतुकुडीचा स्टरलाइट प्रकल्प मे 2018 मध्ये बंद झाल्यावर शुद्ध तांबं निर्यात करणारा आपला देश आयातदार झाला, हे लक्षात घेतलं तर जुन्या भिंतींतल्या तांब्याचं मोल आणखी वाढतं.

पण ते तांबं भिंतीतून भट्टीपर्यंत पोचतं कसं, हेही पाहायला हवं. आख्खी, सरळ वायर सोलायच्या यंत्रातून भराभर जाते. हातोड्याच्या घावाखाली तुटलेले, सिमेंट चिकटलेले वीतभर-हातभर तुकडे यंत्रात जात नाहीत आणि हाताने सोलत बसायला कुणाला वेळ नसतो. मग ते कुठेतरी आडबाजूला, अंधार पडल्यावर जाळले जातात. पीव्हीसीच्या मूळ राळेत वजनाने निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो, आणि जळताना तांबं स्वतःच डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्यं तयार व्हायला मदत करतं. म्हणजे प्लास्टिक आणि तांबं हे उघड्यावर एकत्र जाळायला सगळ्यात वाईट जोडपं, आणि आपण तेच जाळतो. ज्या शहरात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरावेचकांचं काम हे काम आहे, ते उपकार नाहीत, हे ज्या शहराने देशाला दाखवलं, त्या शहराने निदान या माणसांच्या हाती न जाळता सोलता येईल अशी वायर द्यायला काय हरकत आहे? ती कशी मिळेल याचं उत्तर भंगाराच्या दुकानात सापडत नाही. वायर ज्या दिवशी भिंतीत घातली त्या दिवशीच ते ठरून गेलेलं असतं.

इथे जुन्या वाड्यांची आठवण निघणं साहजिक आहे. सदाशिव-नारायण पेठांतल्या वाड्यांत लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायरिंग असायची. भिंतीत लाकडी गुटका, त्यावर स्क्रूने पट्टी, पट्टीवर वायर, टोकाला लाकडी गोल ठोकळा आणि त्यावर काळं बॅकेलाइटचं बटण. वर चिनी मातीचे फ्यूज. दिसायला ते काही खास नव्हतं, आणि सुरक्षिततेच्या नावाने तर आनंदच होता: पुष्कळ ठिकाणी अर्थिंग नाही, रबराचं वेष्टन वाळून पापडासारखं तुटायचं, फ्यूजमध्ये जी मिळेल ती तार. ते दिवस परत यावेत असं अजिबात वाटत नाही. पण त्या पद्धतीत एक गुण होता. जे जसं बसवलं ते तसंच, एका स्क्रू-ड्रायव्हरने, उलट्या क्रमाने काढता यायचं. एक वायर खराब झाली तर तेवढीच बदलायची. भिंतीला काही कळायचंही नाही.

आता काय होतं? स्लॅब भरताना त्यात पाइप टाकतात, भिंतीला झिरी मारून उरलेले पाइप गाडतात, वर प्लास्टर. तत्त्वतः यातही वायर ओढून काढता आली पाहिजे. पाइप त्यासाठीच तर असतो. प्रत्यक्षात पाइप स्वस्तातला आणि लहान, त्यात कोंबून भरलेल्या वायरी, वळणावर दबलेला एल्बो, काँक्रीट ओततानाच आत शिरलेला रस आणि मधेच कुठेतरी पाइपात लपवलेला जोड. पाइपातली निम्म्याहून जास्त जागा रिकामी ठेवावी हा जुना शहाणपणाचा दंडक कागदावर शाबूत आहे. दहा वर्षांनी एक वायर बदलायला गेलात की वायरमन स्प्रिंग घालून दोनदा झटका देतो, मान हलवतो आणि म्हणतो, ‘साहेब, जाम आहे. फोडावं लागेल.’ मग पाइप, वायर, प्लास्टर, रंग सगळंच राडारोडा होतं आणि एका वायरीच्या जागी आख्ख्या खोलीचं नवं काम निघतं.

याहून विचित्र प्रकार नव्या इमारतींत चालतो आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. फ्लॅटची किल्ली हातात आल्याच्या महिन्याभरात इंटिरिअरवाला येतो. बिल्डरने पलंगामागे दिलेला पॉइंट त्याला दीड फूट डावीकडे हवा असतो. टीव्हीची भिंत बदललेली असते, स्वयंपाकघरात चिमणी आणि डिशवॉशर वाढलेले असतात, फॉल्स सीलिंगमध्ये डझनभर दिवे जायचे असतात. मग एकदाही न वापरलेली, करकरीत नवी वायरिंग उखडली जाते. बिल्डरचे स्विच आवडले नाहीत म्हणून तेही गोणीत जातात. लिफ्टच्या बाहेर त्या गोण्या रांगेने उभ्या असतात: नव्या प्लेटा, नव्या वायरीचे तुकडे, पॅकिंगमधून जेमतेम बाहेर आलेले होल्डर. शून्य दिवस वापरून भंगारात गेलेल्या या मालाला बिल्डर जबाबदार नाही, कारण त्याने ब्रोशरात लिहिलं ते दिलं. मालकही जबाबदार नाही, कारण घर त्याचं. स्विच बनवणाऱ्या कंपनीची तर तक्रारच नाही. तिचा माल दोनदा खपला.

यावर उपाय अवघड नाहीत. ते कंटाळवाणे आहेत, म्हणून मागे पडतात. प्लास्टरच्या आधी पॉइंटचा नकाशा प्रत्येक सभासदाकडून सही करून घ्यायचा. ज्याला अजून ठरवायचं नाही त्याच्या फ्लॅटमध्ये फक्त रिकामे पाइप, पेटी आणि डीबी (सगळी सर्किटं जिथून फुटतात ती मुख्य वाटप-पेटी) द्यायची. वायर आणि स्विचचे पैसे वजा करायचे. पाइप एक माप मोठा वापरायचा. वळणांवर उघडता येणाऱ्या जंक्शन पेट्या ठेवायच्या, जोड फक्त पेटीत. जिन्यालगतच्या डक्टला दार हवं आणि त्यात माणूस उभा राहील इतकी जागा. फायरचे पाइप, इंटरनेटच्या तारा आणि झाडू यांच्यासाठी ती जागा नसते. आणि काही ठिकाणी, विशेषतः स्वयंपाकघराचा ओटा, टीव्हीची भिंत, घरातलं कामाचं टेबल अशा वारंवार बदलणाऱ्या जागी, केसिंग-कॅपिंग (भिंतीवर बसणारी झाकणाची प्लास्टिक पट्टी) किंवा स्कर्टिंगच्या उंचीवर उघडणारं चांगलं ट्रंकिंग लावायला काय हरकत आहे? हरकत एकच: ‘वायरिंग दिसली की स्वस्त वाटतं.’ हा सौंदर्यविचार आपण कुठून आणला देव जाणे. लाकडी तुळया उघड्या ठेवलेल्या हॉटेलात बसून कॉफीचे तीनशे रुपये देताना आपल्याला तेच रसिकतेचं लक्षण वाटतं.

नकाशाचा मुद्दा तर फारच दुर्लक्षित. इमारत ताब्यात देताना मंजूर आराखडे मिळतात, भोगवटा पत्र मिळतं; कुठला पाइप कुठून गेला, कुठल्या एमसीबीवर (बिघाड झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यावर) कुठले पॉइंट, पॅनेलमध्ये कुठल्या मापाची केबल, हे प्रत्यक्ष काम झाल्यावरचं रेखाटन बहुतेक सोसायट्यांच्या कपाटात नसतं. ते त्या वेळच्या वायरमनच्या डोक्यात असतं आणि तो वायरमन गावी निघून गेलेला असतो. परिणाम फक्त गैरसोयीपुरते राहत नाहीत. दोन सर्किटना एकच न्यूट्रल ओढलेला असतो, कारण त्या दिवशी काळ्या वायरचं बंडल संपलं होतं. मग कुणीतरी समंजसपणे आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा खटका) बसवतो, ती सारखी ट्रिप होते, दोष कुठे आहे ते नकाशाशिवाय सापडत नाही, आणि शेवटी आरसीसीबीलाच बगल देऊन थेट जोडणी केली जाते. जीव वाचवणारं उपकरण पेटीत नुसतं शोभेला उरतं. पुढच्या मालकाने शहाणपणा केला तर सगळी वायरिंग काढून नवीन करतो. माहिती हरवली की चांगला मालही भंगार होतो. युरोपात इमारतीतल्या प्रत्येक वस्तूचा ‘मटेरियल पासपोर्ट’ ठेवण्याची धडपड चालली आहे ती याचसाठी. आपल्याला तेवढी चैन नको. डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक स्वच्छ तक्ता आणि सोसायटीच्या कपाटात एक रेखाटन इतकं झालं तरी पुष्कळ.

आता या सगळ्या उत्साहाला एक लगाम. जुनं ते सोनं हे विजेच्या बाबतीत अर्धवट ज्ञान आहे. केबल ट्रे, तांब्या-ॲल्युमिनियमचे बसबार, पॅनेलची लोखंडी कपाटं, अर्थिंगच्या पट्ट्या, जाड आर्मर्ड केबल हे सगळं तपासून बिनधास्त पुन्हा वापरता येतं आणि तिथे आपण अकारण नाजूकपणा करतो. पण संरक्षण देणाऱ्या वस्तूंचं तसं नाही. एमसीबीने एकदा मोठा शॉर्टसर्किट तोडला की तिच्या आतले संपर्कबिंदू भाजून निघतात. बाहेरून ती तशीच दिसते, खटका तसाच वाजतो. पुढच्या वेळी ती प्रवाह तोडेल की चिकटून बसेल हे पाहून सांगता येत नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ताडपत्रीवर मांडलेली एमसीबी स्वस्त मिळते म्हणून घरात बसवणं म्हणजे चक्राकार अर्थव्यवस्था नव्हे, जुगार आहे. अशा वस्तूंची जागा कारखान्यात, जिथे त्यांची चाचणी होईल, किंवा सरळ धातू काढण्याच्या भट्टीत. त्यांच्या संपर्कबिंदूंत चांदीचे मिश्रधातू असतात. भंगारातल्या जाणत्यांना ते ठाऊक असतं, ते कॉन्टॅक्टर (मोटरी चालू-बंद करणारे मोठे स्विच) फोडून बिंदू वेगळे काढतात. बाकीच्यांच्या हाती पडलं की ते बिंदू लोखंडाबरोबर जातात.

पंखे आणि दिव्यांत पेच वेगळा आहे. जुना साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा नवा पंखा तिशीच्या आसपास. रोज बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला 160 युनिटांच्या घरात बचत होते. तेव्हा ‘आमच्या आजोबांचा पंखा चाळीस वर्षं चाललाय’ हे कौतुक ऐकायला गोड असलं तरी तो पंखा उतरवणंच योग्य. पण आजोबांचा पंखा चाळीस वर्षं का चालला? कारण बिघडण्यासारखं त्यात दोनच होतं: बेअरिंग आणि अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. दोन्ही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे आणि बदलायला शाळकरी मुलगाही पुरायचा. नव्या पंख्याचं मर्मस्थान म्हणजे त्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. हमी संपल्यावर तो गेला की कंपनी म्हणते, हे मॉडेल बंद झालं. चुंबक ठणठणीत, गुंडाळी ठणठणीत, पाती ठणठणीत आणि पंखा भंगारात.

एलईडी दिव्याचंही तसंच. जानेवारी 2015 मध्ये उजाला योजना सुरू झाली, 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, विजेची प्रचंड बचत झाली. हे यश मोठं आहे आणि त्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण बंद पडलेली एलईडी ट्यूब उघडून पाहा. उघडायलाच मुळात पाना-पक्कड लागते, कारण टोकाची झाकणं चिकटवलेली असतात. आत दिव्यांची पट्टी बहुतेक वेळा धडधाकट असते; एखादा ठिपका काळा पडलेला असला तर तेवढाच. गेलेला असतो ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा छोटा भाग, आणि त्यातही बहुधा एक फुगलेला कपॅसिटर. त्याभोवतीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपण ते दिवे बिनहवेच्या फॉल्स सीलिंगमध्ये कोंडतो. तपकीर गल्लीत सुटे ड्रायव्हर मिळतात. प्रश्न इतकाच की दिवा स्क्रूने उघडतो की नाही, आणि ड्रायव्हर वेगळा आहे की पट्टीवरच जडवलाय. सोसायटीचे जिने, पार्किंग, गेट यांच्यासाठी शेकड्याने दिवे घेताना ही अट घालणं कमिटीच्या हातात आहे. स्टार रेटिंग पाहतो तसं ‘सुटा ड्रायव्हर, स्क्रूचं झाकण’ हे पाहायची सवय लावली तर दुकानदारही तोच माल ठेवेल.

ही दुरुस्तीची रीत आपल्याला नवी मुळीच नाही. पंपाची मोटर जळली तर ती कुणी फेकत नाही, भरायला टाकतो. महावितरणचं रोहित्र जळालं की त्याची गुंडाळी नव्याने होते, तेल गाळून पुन्हा भरलं जातं. (मोटर भरणाऱ्याने जुनी तार काढताना थेट आगीच्या झोताने तापवली तर आतल्या पत्र्यांचं वेष्टन जातं आणि मोटर जास्त वीज खाऊ लागते, तेव्हा स्वस्त भरणाराही नीट निवडावा.) इन्व्हर्टरच्या शिसे-ॲसिड बॅटरीचं तर चक्र जवळपास पूर्ण आहे. जुनी दिली की नवीच्या बिलातून रोख रक्कम वजा होते, म्हणून ती परत येते. तिथे कुणाला पर्यावरणाचं प्रवचन द्यावं लागलं नाही. दिवा, पंखा, एमसीबी यांच्या बिलावर ‘जुनी परत, इतके वजा’ ही ओळ नाही, आणि ती का नसावी याचं पटेल असं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गच्चीवर तर पुढची गोष्ट वाट पाहतेच आहे. पुण्यात नियमाच्या रेट्याने बसवलेले आणि पुढे बंद पडलेले सौर बंब कितीतरी इमारतींवर धूळ खात पडलेत. आता फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेमुळे सौर पॅनेल भराभर चढतायत, आणि ते चढलेच पाहिजेत. पण पंचवीस वर्षं टिकणारं पॅनेल आठ-दहा वर्षांत पुनर्विकासाला जाणाऱ्या इमारतीवर बसवलं, तर ते उतरवून पुन्हा कुठे बसणार हे आज कुणी विचारतंय का? 2022 च्या ई-कचरा नियमांनी सौर पॅनेल पहिल्यांदा यादीत आणलं खरं, पण 2034-35 पर्यंतचा पॅनेल-कचरा उत्पादकांनी साठवून ठेवावा, अशी त्यातली तरतूद आहे. थोडक्यात, प्रश्न गोदामात ठेवलाय. चालू पॅनेलचा पुनर्वापर हा खरं तर सगळ्यात सोपा भाग: नटबोल्टवर बसलेली वस्तू, मोजता येणारी क्षमता. पाडायच्या इमारतीवरचं पॅनेल एखाद्या शाळेच्या किंवा दुसऱ्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊ शकतं. आधी ठरवलं असेल तर.

कार्यालयांचं काय, असं हिंजवडी-खराडीवाले विचारतील. तिथली उधळपट्टी घरांपेक्षा मोठी आहे. भाडेकरार संपला की जागा ‘बेअर शेल’, म्हणजे नुसत्या भिंती-छत अशी, करून परत द्यायची अट असते. म्हणून चांगले चालणारे दिवे, ट्रे, केबल, डीबी उतरवून विकले जातात आणि पुढचा भाडेकरू त्याच छताला जवळपास तसंच सगळं पुन्हा बांधतो. ॲमस्टरडॅमच्या स्किपहोल विमानतळाने 2015 मध्ये वेगळी वाट घेतली: दिवे विकत न घेता उजेडाचे पैसे द्यायचे. दिव्यांची मालकी फिलिप्सकडे, त्यामुळे ते जास्त टिकावेत, उघडावेत, पुन्हा वापरता यावेत यात कंपनीचाच फायदा. आपल्या मोठ्या आयटी पार्कांना हे करायला कुणी अडवलेलं नाही. पण ते धनिकांचं काम आहे, त्यांना सल्लागारही परवडतात. मला जास्त काळजी चोवीस फ्लॅटच्या सोसायटीची वाटते.

कारण कायद्याच्या जाळ्यातून नेमकी तीच निसटते. ई-कचरा नियमांचा सगळा विचार टीव्ही, फ्रिज, एसी अशा शंभराहून अधिक उपकरणांभोवती फिरतो. भिंतीत गाडलेली वायरिंग उपकरण म्हणून कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे 2025 चे नवे नियम मुख्यतः विटा, काँक्रीट, राडारोडा यांच्या मागे आहेत आणि त्यांची उत्पादक-जबाबदारी 20,000 चौरस मीटर व त्यावरच्या प्रकल्पांना लागू होते. कर्वेनगरमधल्या एका लहानशा प्लॉटवरच्या पुनर्विकासाचा त्यात नंबर लागत नाही. रेरा पाच वर्षं दोष दुरुस्त करून देण्याची हमी देतं, पण ‘दुरुस्त करता येईल असं बांधा’ असं सांगत नाही. महापालिका सौर यंत्रणा, पर्जन्यजल, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत देते. त्याच धर्तीवर वीजव्यवस्थेचं प्रमाणित रेखाटन आणि जुन्या मालाची सूची सादर करणाऱ्या इमारतीला काही देता येईल. असा नियम यावा, जरूर यावा. पण नियमाची वाट पाहत बसलो तर तोवर निम्मं कोथरूड पाडून झालेलं असेल.

तेव्हा ताकद जिथे आहे तिथे ती वापरावी. पुनर्विकासाच्या वाटेवर सोसायटीच्या हाती खरं बळ थोडाच काळ असतं, आणि ते निविदेपासून विकसन करारापर्यंत. त्या मसुद्यात मागायचं काय? पाडकामाआधी वीज तोडल्यानंतर किमान आठवडाभर वायरमनच्या हातांनी वायर, पॅनेल, केबल, मोटरी, दिवे उतरवायला मोकळा वेळ आणि उतरवलेल्या मालाची यादी. जळकं तांबं न घेणाऱ्या, नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे माल गेल्याची पावती. नव्या इमारतीत ओढून निघेल अशी वायरिंग, आणि ताबा देताना दहा टक्के फ्लॅटांत वायरमनने प्रत्यक्ष एक वायर ओढून, परत घालून दाखवायची चाचणी. ती चाचणी पंधरा मिनिटांची असते आणि सगळ्या ब्रोशरांपेक्षा जास्त खरं सांगते.

बिल्डर म्हणेल, खर्च वाढतो. वाढतो, पण कुठे? पाइपाचं माप एका पायरीने वाढवल्याचा फरक त्याच्या प्रवेशद्वारातल्या इटालियन मार्बलच्या एका पट्टीइतकाही नसावा. आठवडाभराच्या उशिराचं म्हणाल तर वीज-मीटर काढण्याच्या अर्जापासून पत्रे ठोकेपर्यंत इमारत अशीही रिकामी पडून असते. खरा अडसर वेगळाच आहे: हे काम कोण करणार? औंधच्या आयटीआयसारख्या संस्थांतून वीजतंत्री, तारतंत्री बाहेर पडतात, त्यांना बसवायचं शिकवलेलं असतं, उतरवायचं नाही. जुनी व्यवस्था ओळखणं, काय पुन्हा वापरायचं आणि काय नाही ते तपासणं, मेगर या मापकाने वेष्टनाचा रोध मोजून केबलवर चिठ्ठी लावणं, हे कौशल्याचं काम आहे आणि त्याला तशी मजुरी मिळायला हवी. ती उतरवलेल्या मालातून निघते की नाही हे दोन-चार सोसायट्यांनी करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. तांब्याच्या आजच्या भावाला निघावी असा माझा अंदाज आहे. आख्ख्या, स्वच्छ वायरीला जळक्या तुकड्यांपेक्षा भंगारातही चांगला दर मिळतो.

राहता राहिला सभासदांचा प्रश्न. सभेत वायरिंगचा विषय काढला की कुणीतरी घड्याळ पाहतं, हे मी जाणतो. म्हणून माझी सूचना अशी की हा मुद्दा सभेत मांडूच नका. निविदेचा मसुदा तयार करणाऱ्या प्रकल्प सल्लागाराला कमिटीने एक पानाचं टिपण द्यावं आणि तांत्रिक अटींत ते जसंच्या तसं घालायला सांगावं. मसुद्यात आलेली अट सगळ्या बिल्डरांना सारखीच लागू होते, त्यामुळे तिच्यावरून कुणी भाव वाढवून मागत नाही. एकदा बिल्डर निवडला, करारावर सह्या झाल्या आणि मग कुणाला आठवलं, तर तीच अट ‘जादा काम’ होते आणि तिचं वेगळं बिल येतं.